गाडीचं मशीन आणि कानबाईचं पीठ

विमानात बसलो तेव्हा माझं मलाच हसू आलं. छत्तीस वर्षांचा माणूस, पोट पट्ट्याच्या पुढे आलेलं, गुडघे पत्र्याला टेकलेले आणि समोर काचेवर निळं आकाश. माझी लेक चिनू बाजूला उभी राहून ओरडत होती, "पप्पा, फायर करो ना! पीछे है, पीछे!" चिनूला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती हिंदी, आणि भांडायचं असलं की गुजराती. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी आम्ही सुरतेतल्या एका नव्या मॉलच्या चौथ्या मजल्यावर आलो होतो. बाकीची पोरं उड्या मारायच्या जाळीत गेली आणि हिने मला हाताला धरून या गेमच्या मशीनांच्या कोपऱ्यात आणलं. दांडा हातात आला आणि अंगठा आपोआप लाल बटणावर गेला. पंचवीस वर्षांत मी काय काय विसरलो, अंगठा मात्र ते बटण विसरला नव्हता.

दोन विमानं मी पाडली, तिसऱ्याने मला पाडलं. केशरी स्फोट झाला, सीट गदगदा हलली. "चलेगा," चिनू मोठ्या मनाने म्हणाली आणि तिने शेजारचं मशीन दाखवलं. लाल सीट, काळं स्टिअरिंग, खाली दोन पायडल. "अब ये चलाओ."

"हे नको."

"डर गए?"

"हो," मी म्हणालो.

तिला वाटलं बाप चेष्टा करतोय. ती स्वतःच चढून बसली, तिचे पाय थेट पायडलवर पोचले आणि गाडी सुटली. मी मागे उभा होतो. त्या थंडगार, अंधाऱ्या हॉलमध्ये मक्याच्या लाह्यांचा आणि नव्या प्लास्टिकचा वास होता. मला मात्र वास आला तो गिरणीतून नुकत्याच निघालेल्या गरम पिठाचा. मी कठड्याला धरून उभा राहिलो.

मी लहान होतो तेव्हा आम्ही सुरतेतल्याच भेस्तानला राहत होतो. अमळनेरकडचं गाव सोडून आलेली आमच्यासारखी कितीतरी घरं त्या गल्लीत होती. एका ओळीत खोल्या, समोर गटार आणि मागच्या बाजूला कापड विणायच्या लूमचा कारखाना. लूम चालू असले की आमच्या मांडणीवरचे पेले किणकिणत. वीज गेली की गल्ली अचानक गप्प व्हायची आणि तान्ही पोरं दचकून रडायला लागायची, कारण त्यांना झोप त्या खटखटीतच यायची. आबा, म्हणजे माझे वडील, पलसाण्याला डाईंगच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांकडे पाहिलं की त्या आठवड्यात कुठला रंग चाललाय ते कळायचं. हात कितीही घासले तरी जेवताना त्यांच्या भाकरीवर एखादं जांभळं नाहीतर राणी रंगाचं बोट उठायचंच. मी लहानपणी ते बोट असलेला तुकडा मुद्दाम मागून घ्यायचो. त्याची चव वेगळी लागते असं मला खात्रीने वाटायचं.

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याला मी भाऊ म्हणायचो, आणि मी म्हणतो म्हणून सगळी गल्लीही भाऊच म्हणायची. तो मागच्याच कारखान्यात लूमवर होता. लूमवाल्यांची एक खोड असते, ती त्यालाही लागली होती. घरातसुद्धा तो ओरडूनच बोलायचा. "भाजी वाढ" म्हणाला तरी भांडण लागल्यासारखं वाटायचं. मग आमची आई, आम्ही तिला माय म्हणायचो, तवा उतरवता उतरवता आमच्या खान्देशी बोलीत म्हणायची, "हळू बोल ना भो, आठे लूम नई शे." भाऊ आणखी मोठ्याने हसायचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आंघोळ करून, केसांना पाणी लावून, भांग पाडून दारात उभा राहिला की मला कळायचं, आज गेमवाल्याकडे जायचं.

गेमवाल्याचं दुकान कारखान्याच्या वळणावर होतं. शटर अर्धं खाली, दाराला डाईंगमध्ये बिघडलेल्या कापडाचा पडदा आणि आत चार मशीनं. मालक जाड चष्म्याचे एक गुजराती काका, सतत सुपारी कातरत बसलेले. आत शिरलं की पहिल्यांदा गरम वायरीचा वास यायचा, मग बिडीचा, मग मशीनच्या तेलाचा. तेलाचा वास गेमच्या मशीनचा नसायचा, माणसांच्या कपड्यांचा असायचा. कारण तिथे पोरं थोडी आणि कारागीरच जास्त. बारा तास मशीनसमोर उभं राहून आलेली माणसं पुन्हा मशीनसमोर बसायची, आणि काय खूश असायची! ओरिसाचे, यूपीचे, आमच्या खान्देशातले. कुणी विमान पाडलं की सगळ्यांनी मिळून शिट्ट्या मारायच्या.

विमानाच्या मशीनचा लाल रंग गेलेला होता. त्यामुळे आग हिरवी दिसायची, स्फोटही हिरवा. दांडा डावीकडे वळवला की अडकायचा, तेव्हा सगळे उस्ताद उजवीकडूनच फिरून यायचे. भाऊ त्यात एक नंबर. तो मला मांडीवर घ्यायचा, माझ्या हातावर हात ठेवायचा, आणि माझ्या कानाशी त्याचे ओठ सारखे हलत असायचे. आवाज नाही, नुसते ओठ. लूमवर ती माणसं तसंच बोलतात. त्याच्या श्वासाच्या झोतावरून मला कळायचं, आता वळायचंय, आता बटण दाबायचंय. समुद्रावरून, डोंगरावरून, कुठल्याशा परक्या शहरावरून आम्ही दोघं जात राहायचो. ते शहर कुठलं, तिथल्यांनी आमचं काय बिघडवलं होतं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

पण माझा जीव अडकला होता गाडीच्या मशीनवर. तिथे अडचण अशी की सीटवर बसलं तर माझे पाय पायडलपर्यंत पोचायचे नाहीत, आणि उभं राहिलं तर स्टिअरिंग छातीत घुसायचं. त्यावर भाऊने तोड काढली होती. तो धुतलेल्या पॅंटनिशी खाली जमिनीवर बसायचा, मशीनच्या पोटात डोकं घालायचा आणि हाताने पायडल दाबायचा. मी वरून "दाब" म्हणालो की दाबायचं, "सोड" म्हणालो की सोडायचं. त्याला रस्ता दिसत नव्हता, गाडी दिसत नव्हती. एकोणीस वर्षांचा कमावता माणूस, केसांना पाणी लावून आलेला, जाळ्या-जळमटांत बसून नुसतं माझं ऐकायचा. आम्ही कधी पहिले आलो नाही. पण पाचवे आलो तरी तो खालूनच विचारायचा, "कितवा?" आणि मी "पाचवा" म्हणालो की खालीच टाळ्या वाजवायचा.

हे आठवलं की मला आजही गहिवरून येतं, आणि लगेच स्वतःची लाज वाटते. कारण पुढचं आठवल्याशिवाय हे आठवता येत नाही.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खान्देशी माणूस सुरतेत असो की आणखी कुठे, त्या दोन दिवसांत तो आपल्या गावातच असतो. नारळाची देवी, तिला नथ, तिला डोरलं, तिला नवं लुगडं. सोमवारी बायका तिला डोक्यावर घेऊन नाचत तापीवर नेतात. आणि कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रोट. घरात जितके पुरुष तितक्यांच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळून आणायचे आणि त्याचे रोट करायचे. ते घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. देवी प्रत्येकाला त्याच्या रोटावरून ओळखते आणि वर्षभर सांभाळते, असं माय सांगायची. बायकांच्या नावाची मूठ का नाही, हे चिनूने गेल्या वर्षी विचारलं होतं.

माय न्हाऊन, ओल्या केसांनी पाटावर बसायची. एक एक नाव घ्यायची आणि मूठ टाकायची. आबा. काका, कारण काका-काकू शेजारच्याच खोलीत राहायचे. भाऊ. मग मी. माझ्या नावाची मूठ टाकताना ती माझ्याकडे बघून थोडी हसायची. त्या वर्षी दळण आणायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं. मी अकरा वर्षांचा होतो आणि माझी छाती फुगली होती. गिरणीवाला त्या दिवशी आमच्या लोकांसाठी गिरणी धुऊन ठेवायचा. मायने नव्या फडक्यात गहू बांधून दिले, माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि बजावलं, "चप्पल घालू नको. रस्तामा कोनासंगे बोलू नको. आनि खाले ठेवू नको. काही झायं तरी खाले ठेवू नको."

मी अनवाणी गेलो. कुणाशी बोललो नाही. पीठ घेऊन निघालो तेव्हा फडक्यातून त्याची ऊब माझ्या पोटाला लागत होती.

माझ्या खिशात भाऊने दिलेलं गेमचं एक टोकन होतं. "उद्या सुट्टी, सोबत जाऊ," असं म्हणून त्याने ते माझ्याकडे सांभाळायला दिलं होतं. पण त्या पावसाळ्यात माझी उंची वाढली होती. मोरीच्या उंबऱ्यावर बसून मी रोज पाय ताणून बघायचो आणि मला वाटायला लागलं होतं, आता पुरतील. उद्या भाऊ खाली बसायला लागला की त्याला सांगायचं, ऊठ, मला पोचतो पाय. त्याचं तोंड कसं होईल ते मी दहा वेळा मनात बघून घेतलं होतं. फक्त एकदा खात्री करून घ्यायची होती. वळणावर पडदा हलत होता आणि दुकानात शनिवारच्या सकाळी गेमवाल्या काकांखेरीज कुणीच नव्हतं.

मायचा शब्द मी मोडला नाही. पीठ मी खाली ठेवलं नाही. बाकावर नाही, मशीनवर नाही, काकांच्या हातात तर नाहीच नाही. मी ते मांडीवर घेतलं आणि गाडी चालवायला बसलो.

पाय पुरले. पुढे सरकून, अंगठ्यांनी का होईना, पण पुरले! गाडी सुटली. डावीकडे समुद्र, उजवीकडे कडा, आणि खाली कुणीही नसताना गाडी माझ्या पायांनी पळत होती. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. मी चौथा होतो, मग तिसरा. तिसऱ्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तेव्हा ते फडक्याच्या गाठीत अडकलं. मी आणखी जोराने ओढलं. आधी मांडीवर ऊब पसरली आणि मग पायांवर. खाली बघितलं तर पायडल पांढरे झाले होते.

"ए छोकरा, आ शुं ढोळ्युं?" काका सुपारीचा अडकित्ता घेऊन उठले. "आ लोट कोण साफ करशे?"

मांडीवर, फडक्यात, जे वरचेवर राहिलं होतं ते मी गोळा केलं. खालचं उचललं नाही. तिथे बिड्यांची थोटकं होती, थुंकी होती. परत गिरणीवर जाऊन मूठभर पीठ मागावं असं मनात आलं, तेही केलं नाही, कारण कानबाईच्या पिठात परकं पीठ मिसळत नाहीत हे मला चांगलं माहीत होतं. बघा, कसा सोवळ्यातला चोर होतो मी. गाठ मारली, पॅंट झटकली आणि घरी आलो.

मायने पीठ परातीत ओतलं आणि थांबली. "कमी दिसस रे. सांडनं का कोठे?"

"नई."

"वाटमा थांबना व्हता का?"

"नई. सरका घर उनू."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिला आठवलं की मुठी टाकत असताना शेजारणीने हाक मारली होती आणि तिचं लक्ष उडालं होतं. "मन्ही मूठ चुकनी व्हई," ती काकूला म्हणाली आणि पीठ भिजवायला बसली.

आबांचा रोट झाला, काकांचा झाला, भाऊचा झाला. माझ्यासाठी राहिला तो गोळा लिंबाएवढा. माय तो हातात घेऊन बराच वेळ बसली. मी दारात बसून बघत होतो. मग तिने भाऊचा म्हणून ठेवलेला मोठा रोट उचलून माझ्या नावाच्या जागी ठेवला आणि तो लहानसा गोळा थापून भाऊच्या जागी ठेवला. काकूने तिच्याकडे पाहिलं. माय खालच्या आवाजात म्हणाली, "धाकलानं कसं कमी करू? मोठा समजी ली."

मोठ्याने खरंच समजून घेतलं. "मना रोट मच्छरना शे का?" म्हणून भाऊ घरभर ओरडत फिरला, आणि एका घासात तो खाऊन टाकला. मी मात्र माझ्या रोटाचे नुसते तुकडे करत बसलो. माय म्हणाली, "खाय रे, तुना नावना शे." मी दुधाबरोबर ढकलला.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी लूमचं शटल, म्हणजे धोटा, उडालं आणि भाऊच्या डाव्या डोळ्यावर बसलं. ते का उडालं हे कारखान्यातल्या माणसांनी चार प्रकारे सांगितलं, मला त्यातलं एकही आठवत नाही. आठवतो तो दवाखान्याचा फिनेलचा वास, आबांचे पिवळ्याधमक रंगाचे हात, आणि पायऱ्यांवर बसलेली माय. ती रडत नव्हती. आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ती त्याच्याकडे बघत होती आणि काकूला सांगत होती, "मी काढी लिधं त्यानं. ह्याच हातघाई काढी लिधं आनि धाकलाले दिधं."

मी चार हातांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं. मला मार बसला असता, फार तर.

त्या दिवसापासून मायने भाऊच्या ताटात स्वतःच्या हाताने काही वाढलं नाही. स्वयंपाक तीच करायची, त्याच्या आवडीचं भरीत तीच भाजायची, ताट करायची वेळ आली की उठून जायची. "काकू, वाढ त्याले." काकू नसली तर टोप त्याच्यापुढे सरकवायची, "ले तुना हातघाई," म्हणजे घे तुझ्या हाताने. पुढे भाऊचं लग्न झालं, वहिनी आली आणि कुणाच्या लक्षात येईनासं झालं. कानबाईच्या मुठीही त्या वर्षापासून काकूच टाकायला लागली. माय त्या वेळी मोरीत भांडी घासत बसायची.

पिठाने कुणाचा डोळा जात नाही, हे मला कळतं. मी काही अडाणी नाही. साड्यांच्या मार्केटमध्ये संगणकावर डिझाइनं काढतो, चार पुस्तकं वाचलेली आहेत. माझ्या मनाला जे लागलंय ते डोळ्याचं नाही, त्या हाताचं आहे. आणि त्यातही भर अशी की भाऊला यातलं काहीच माहीत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका नातलगाकडे लग्नाचं बोलणं करायला आम्ही दोघं चलथाणला गेलो होतो. साखर कारखाना चालू होता, मळीचा आंबूस-गोड वास सगळीकडे पसरलेला, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. रस्त्याच्या कडेला चहा घेत उभे होतो. भाऊ आता मार्केटमध्ये पार्सल बांधतो, पण बोलतो अजून तसाच ओरडून. त्या दिवशी मात्र तो हळू बोलला. "मायले मना तोंडकडे देखवत नई रे. तुनी वहिनी म्हनस, तुमना मनना खेळ शे. पन मी एकदाव बी तिना हातनं जेवनू नई त्यानंतर. डोया ग्या तं तोंड वंगाळ दिसतच व्हई. तिना काय दोस?"

माझ्या हातात चहाचा कप होता. "तसं नाही भाऊ," मी म्हणालो. मग म्हणालो, "यंदा ऊस चांगला दिसतोय." ऊस! माझ्या तोंडून ऊस निघाला. त्या क्षणी माझ्याइतका हलका माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

चिनूची गाडी संपली. "पप्पा, मैं सेकंड आई!" ती माझ्या कमरेला येऊन धडकली. तिचे हात गरम होते. तिने विचारलं, "आप सच में डर गए थे?" मी म्हणालो, "खरंच." या वेळी तिला ते पटलं असावं. घरी येईपर्यंत तिने स्कूटरवर मागून माझा शर्ट धरून ठेवला होता.

त्यानंतरचा शनिवार रोटाचा होता. काकू गेल्या हिवाळ्यात वारली. सगळे आता डिंडोलीच्या घरी एकत्र राहतो, खाली भाऊ-वहिनी आणि माय, वर आम्ही. सकाळी वहिनीने पाट मांडला, गव्हाचं सूप ठेवलं आणि मायला म्हणाली, "मामी, आता मोठ्या तुम्हीच. बसा." माय मोरीच्या दाराशी उभी होती. "मना हात नको. तू बस." वहिनी म्हणाली, "तुम्ही असताना मी कशी?" माय पुन्हा म्हणाली, "नको म्हनं ना. मना हात खोटा शे." आणि वहिनी काही न समजून माझ्याकडे बघायला लागली.

मी वहिनीला म्हणालो, जरा वर जाऊन चिनूला उठवा. ती गेली. मग मी खाली फरशीवर बसलो, मायच्या पायांशी, आणि सांगितलं. टोकन, गाडी, मांडी, वळण, गाठ. "मन्हाकडथीन सांडनं माय. तुनी मूठ चुकनी नव्हती. मी खोटं बोलनू." पंचवीस वर्षं जे छातीवर होतं ते सांगायला चहा उतू जायलाही पुरला नसता इतका वेळ लागला. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मी मान खाली घालून वाट बघत होतो. मारेल, शिव्या देईल, "जाऊ दे, लहान व्हता तू" म्हणेल, मी सगळ्याची तयारी केली होती.

"कितलं सांडनं व्हतं?" तिने विचारलं.

"मूठभर. जास्तीच."

ती मनाशी काहीतरी जुळवत राहिली. ओठ हलत होते. मग ती म्हणाली, मला नाही, स्वतःलाच म्हणाली, "म्हंजे दोन्हीसले पुरी इतलं मी लिधं व्हतं."

"हो माय."

"दोन्हीसले."

ती पाटावर बसली. आबा आता नाहीत, काका नाहीत. तिने भाऊचं नाव घेतलं आणि मूठ टाकली, वर पाव टाकली. भाऊच्या मुलाचं घेतलं. माझं घेतलं, तेव्हा माझ्याकडे बघून हसली नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती. मूठ मात्र भरून टाकली. गहू घेऊन गिरणीवर कोण जाणार, असं वहिनीने जिन्यावरून विचारलं तेव्हा माय तिला म्हणाली, "तू जाय." मी बसल्या जागी ऐकून घेतलं.

दुपारी भाऊ मार्केटमधून जेवायला आला. हात धुऊन, ओरडतच आत आला, "काय शे आज?" आणि भिंतीला टेकून बसला. वहिनी नेहमीप्रमाणे ताट घ्यायला उठली. मायने तिच्या हातातून ताट काढून घेतलं. तव्यावरची भाकरी उचलली, चार ठिकाणी फोडली, वर भरीत घातलं, मिरचीचा ठेचा कडेला ठेवला. मग वाकून ते ताट भाऊच्या पुढे ठेवलं आणि तिथेच, त्याच्यासमोर, मांडी घालून त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

भाऊचा हात ताटाच्या वर अधांतरी राहिला. त्याने मायकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. मग उरलेल्या एका डोळ्याने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"काय झायं?" त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तो घरात इतक्या हळू बोलला.

मी तोंड उघडलं. "भाऊ, त्या वर्षी..."

मायने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"थांब जरासा," ती म्हणाली. "पहिले त्याले जेऊ दे."